हार्टचं पंपिंग कमी असेल तर गुडघा बदलल्यावर रक्ताची गुठळी होण्याची भीती जास्त असते का?

तुम्ही लिहिलंय की आईचं वय 68, टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) पंपिंग, म्हणजे दर ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, 40 टक्के आलंय, गुडघा बदलायचा आहे, आणि नातेवाईक म्हणतात, ऑपरेशननंतर महिनाभर हलवू नका, नाहीतर गुठळी होईल. हो, पंपिंग कमी असलं की धोका वाढतो. किती, ते हृदयाचे डॉक्टर आईला तपासून सांगतील. पण ते 'हलवू नका' साफ खोटं आहे. त्यावरून आमच्या घरात अजून धुसफूस चालू आहे, म्हणून लिहायला बसले.

आमच्या सासूबाईंची हयात मांडी घालून विड्या वळण्यात गेली. सोलापूरच्या पूर्व भागात असे गुडघे घरोघरी सापडतील. पंपिंग त्यांचंही कमीच. ऑपरेशन झेपेल असा डॉक्टरांचा फिटनेस मिळाला, उजवा गुडघा बदलला, दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपीच्या मुलीने वॉकर देऊन उभं केलं. मी शेजारीच होते. घरी आणलं आणि बार्शीच्या वन्सं मुक्कामाला आल्या. आल्या त्या कारभारच हातात घेतला. सासूबाईंना पलंगावरून पाय खाली टाकू देईनात. पोटरी जड झाली म्हटल्यावर खोबरेल तेल कोमट करून चोळायला बसल्या. रक्त पातळ करायची गोळी बंद. का, तर "टाके उसवतील. हार्टची ॲस्पिरिन चालू आहे की, तीच पुरे." पोटची लेक सांगत असताना सासूबाई सुनेचं कशाला ऐकतील?

मी घरी ब्लाउज शिवते, टेप गळ्यातच असतो. ऑपरेशन झालेल्या पायाला सूज असतेच, पण ती दिवसागणिक उतरायला हवी. ही चढत होती, पोटरी तट्ट फुगलेली. डिस्चार्जच्या वेळी सिस्टरांनी सांगितलं होतं तसं गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजल्या. फरक 3 सेंटिमीटरच्या वर. वन्सं म्हणाल्या, "मिठाच्या पाण्यानं शेक, जाईल." मी रिक्षा बोलावली. डॉपलरमध्ये, म्हणजे शिरांच्या सोनोग्राफीत, खोलवरच्या शिरेत गुठळी निघाली. मग तीन महिने औषध. फुप्फुसापर्यंत गेली नाही म्हणून निभावलं. आणि वन्सं आजही प्रत्येक लग्नकार्यात चारचौघींत सांगतात, "हिनं दुसऱ्याच दिवशी उभं केलं, म्हणून झालं!"

तर वन्सं, आणि तुमचे नातेवाईकसुद्धा, ऐका. पायातलं रक्त वर चढतं ते पोटरीचे स्नायू आवळले-सैलावले की. झोपून राहिलं की ते तुंबतं. त्यात हृदय अशक्त असेल तर ते आणखी रेंगाळतं, आणि ऑपरेशनच्या जखमेमुळे शरीर आधीच रक्त गोठवायच्या तयारीत असतं. म्हणजे पंपिंग कमी असणाऱ्याला तर जास्तच हलवायला हवं. उभं राहवत नसेल तर निदान घोटे वर-खाली करत राहायचं. पायातली गुठळी सुटली तर हृदयाच्या उजव्या बाजूतून थेट फुप्फुसात जाऊन अडकते. अचानक धाप लागली, छातीत दुखलं, तर 'गॅस असेल' म्हणत सकाळची वाट बघू नका. कमजोर हृदयाला तो दाब सोसत नाही.

ॲस्पिरिनचंही सांगते. ऑस्ट्रेलियात साडेनऊ हजारांहून जास्त रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2022 साली प्रसिद्ध झाला. गुडघा बदललेल्यांना 14 दिवस, खुबा बदललेल्यांना 35 दिवस औषध दिलं होतं. 90 दिवसांत त्रास देणारी गुठळी ॲस्पिरिनवाल्यांत 3.45 टक्के, एनोक्सापॅरिन हे रक्त पातळ करायचं इंजेक्शन घेणाऱ्यांत 1.82 टक्के. ॲस्पिरिन अगदीच कुचकामी नाही, पुष्कळ सर्जन देतातही. पण ते सर्जननं ठरवायचं, बार्शीहून आलेल्यांनी नाही.

हो, आणि तो अभ्यास काही पंपिंग कमी असणाऱ्यांचाच नव्हता, तेव्हा आईच्या बाबतीत आकडा थोडा वरच धरा. 40 म्हणजे हृदय निम्म्याहून कमी चालतं असंही नाही, धडधाकट माणसाचंसुद्धा साधारण 55 ते 70 च असतं. नुसत्या 40 वरून ऑपरेशन रद्द करू नका. पण आडवं झाल्यावर दम लागत असेल, पावलं सुजत असतील, तर आधी हृदय ताळ्यावर आणा, गुडघा कुठे पळून जात नाही. सगळे सांगतील भरपूर पाणी पाजा. पंपिंग कमी असणाऱ्याला पाण्याचंही माप असतं, आणि आपल्याकडच्या उन्हात ते सांभाळणं अवघड. म्हणून शक्यतो मे महिना टाळा आणि दिवसाला किती पाणी ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. मेडिकलमधून डायक्लोफेनॅकसारखी दुखण्याची गोळी परस्पर आणू नका. तिने अंगात पाणी साठतं आणि हृदयावर ताण येतो. रक्त पातळ करायच्या औषधाचा डोस किडनी बघून ठरतो, त्यामुळे सासूबाईंची गोळी कोणती होती ते मला विचारू नका.