रंगीत म्हणून फिरणारे युद्धातले फोटो

प्रश्न : पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीत होते. त्यांच्या पलटणीचा इटलीतला म्हणून एक रंगीत फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर आलाय. १९४४ साली रंगीत फोटो निघायचे का? (सातारा)

निघायचे, पण थोडे. कोडाक्रोम ही रंगीत फिल्म ब्रिटनला अमेरिकेतून, तीही तुटपुंजी मिळे. ब्रिटिश माहिती मंत्रालयाच्या छायाचित्रकारांनी युद्धभरात सुमारे ३,००० रंगीत पारदर्शिका (स्लाइड) काढल्या. त्यांतल्या निम्म्याच लंडनच्या इम्पिरियल वॉर म्युझियममध्ये उरल्या आहेत. लष्कराचे फोटोग्राफर रोजचं काम कृष्णधवलमध्येच करत. तेव्हा तुमच्याकडचा फोटो मागाहून रंगवलेला असण्याचीच शक्यता जास्त. म्युझियमच्या संकेतस्थळावर तो शोधा. क्रमांकाआधी ‘टीआर’ असेल तर तो त्या पारदर्शिकांतला.

छातीवरच्या पदकांच्या फिती मोठ्या करून बघा. आफ्रिका स्टार या पदकाची फीत फिकट बदामी, मधोमध लाल पट्टा, दोन बाजूंना एक गडद आणि एक फिकट निळी रेघ. संगणकाने रंगवलेल्या फोटोत तिथे बहुधा मातकट फराटा दिसतो. आणि १९४४च्या फोटोत इटली स्टार या पदकाची फीत दिसली तर सरळ हसा, ते १९४५मध्ये जाहीर झालं!

प्रश्न : खऱ्या रंगीत फोटोंत प्रत्यक्ष लढाई का दिसत नाही? (पुणे)

फिल्म भलतीच मंद होती, म्हणजे तिला प्रकाश फार लागे. आजच्या मापाने आयएसओ (फिल्मची संवेदनशीलता) जेमतेम १०. लख्ख उन्हातसुद्धा लेन्सचं छिद्र एफ ६.३ इतकं मोठं आणि शटर १/५० सेकंद उघडं ठेवावं लागे. पहाटेचा हल्ला किंवा धुरातली पळापळ त्यात कशी मावणार? म्हणून धावपट्टीवरची विमानं, उभे केलेले तोफची, कारखान्यातल्या बायका. शिवाय हे फोटो प्रचारासाठी, मासिकांत छापायला काढलेले, त्यामुळे सगळे कसे नीटनेटके.

प्रश्न : पहिल्या महायुद्धातले रंगीत फोटो मग खोटेच? (ठाणे)

सगळे नाहीत. बटाट्याच्या स्टार्चचे रंगवलेले कण काचेवर पसरून केलेली ऑटोक्रोम प्लेट १९०७पासून विकत मिळे. फ्रेंचांनी ती आघाडीवर वापरली. ब्रिटिश साम्राज्याच्या बाजूने ऑस्ट्रेलियाच्या फ्रँक हर्लीने पॅलेस्टाईनमधले घोडदळ पॅजेट या दुसऱ्या रंगीत प्लेटवर टिपलं. खंदकातले भारतीय जवान रंगीत दिसले, तर मात्र मूळ कृष्णधवल फोटो आधी शोधा.

प्रश्न : आजोबांचा ब्रह्मदेशातला फोटो रंगवून घेऊ का? (बेळगाव)

जरूर. मूळ प्रत स्कॅन करून वेगळी ठेवा आणि रंगवलेल्या प्रतीवर तसं लिहा. रंगवणाऱ्याला वर्षही सांगा : सुरुवातीला तिथे गणवेश खाकी होता, जंगल ग्रीन हा हिरवा रंग नंतर आला.