'पांढऱ्या पेशी कमी होतात' म्हणावं का?

प्रश्न असा आहे: एचआयव्हीवरच्या मराठी लेखांत कुठे 'पांढऱ्या पेशी कमी होतात', कुठे 'टी-पेशी कमी होतात', तर कुठे 'सीडी-४ घटतो' असं लिहिलेलं असतं. तिन्हींचा अर्थ एकच का?

नाही. पहिला शब्दप्रयोग तर मी सरळ खोडेन. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या नेहमीच्या तपासणीत, पांढऱ्या पेशी घनमिलीमीटरला साधारण ४,००० ते ११,००० येतात आणि त्यांत मोठा वाटा न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींच्याच एका प्रकाराचा. एचआयव्ही असूनही हा आकडा नॉर्मल येऊ शकतो. उलट पांढऱ्या पेशी डेंग्यूतही घटतात, म्हणून काही कोणी एचआयव्हीची शंका घेत नाही.

'टी-पेशी' जवळ जातो, पण पुरता नाही. टी म्हणजे थायमस, छातीच्या मधल्या हाडामागची ग्रंथी. या पेशी तिथे परिपक्व होतात. त्यांचे दोन मोठे गट: सीडी-४ प्रथिन अंगावर असलेल्या मदतनीस पेशी आणि सीडी-८ वाल्या मारक पेशी. विषाणू पकडतो तो सीडी-४ लाच. आणि खरी मेख पुढे आहे. सीडी-४ घटत असताना सीडी-८ वाढतात. समजा, आधी सीडी-४ होत्या ८५० आणि सीडी-८ होत्या ४५०. काही वर्षांनी त्या ३५० आणि ९५० झाल्या, तर टी-पेशींची बेरीज दोन्ही वेळा १,३००च! म्हणूनच डॉक्टर दोहोंचं गुणोत्तरही (सीडी-४ भागिले सीडी-८) बघतात. निरोगी माणसात ते सहसा एकाच्या वर असतं, इथे उलटं होतं.

तेव्हा 'सीडी-४ पेशी घटतात' हेच लिहावं. बोलताना लोक 'सीडीफोर किती आला?' असं पुल्लिंगी विचारतात, कारण मनात 'काउंट' असतो, तेही ठीकच. फक्त त्या चाराला 'चौथी स्टेज' समजू नका, तो नुसता अनुक्रमांक आहे. काउंट घनमिलीमीटरला २०० च्या खाली गेला किंवा एड्सचे म्हणून ठरवलेले काही गंभीर आजार जडले की एड्स म्हणतात, त्याआधी 'एचआयव्ही बाधित' लिहावं. आणि एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) लागू पडतेय का, हे लिहायचं असेल तर सीडी-४ पेक्षा 'व्हायरल लोड'चा, म्हणजे रक्तातल्या विषाणूच्या प्रमाणाचा, आकडा द्यावा. औषध नीट चालू असेल तर तो आधी खाली येतो, सीडी-४ मागाहून सावकाश चढतो.