क्युसेक प्रति सेकंद?

पावसाळ्यात पुण्यातल्या बातम्यांत तीन वाक्ये दिसतात, त्यांतले बरोबर कोणते, असा प्रश्न आहे: खडकवासल्यातून '१०,००० क्युसेक पाणी सोडले', '१०,००० क्युसेक वेगाने सोडले' आणि '१०,००० क्युसेक प्रति सेकंद सोडले'.

तिसरे आधी निकालात काढू. क्युसेक म्हणजेच क्युबिक फूट पर सेकंद, घनफूट प्रति सेकंद. सेकंद त्याच्या पोटातच आहे. त्याला पुन्हा सेकंदाने भागले तर 'विसर्ग (दर सेकंदाला सुटणारे पाणी) किती झपाट्याने वाढतोय' असा अर्थ होतो. दरवाजे वर उचलले जात असताना एखाद्या अभियंत्याला तो लागेल, आपल्याला नाही.

'वेगाने' बोलण्यात खपते, छापताना टाळावे. वेग मीटर प्रति सेकंदात मोजतात. विसर्ग म्हणजे प्रवाहाचा काटछेद (आडव्या कापाचे क्षेत्रफळ) गुणिले वेग. त्यामुळे तेच १०,००० क्युसेक मुठेच्या रुंद पात्रात संथ वाहतील आणि पात्र आवळले की जोर धरतील. वेग बदलला, क्युसेक तेवढेच.

पहिले वाक्य रुळलेले आहे, पण अर्धवट आहे. पाणी सोडले खरे, पण किती वेळ? घनफूट म्हणजे २८.३ लीटर, तेव्हा १०,००० क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे २ लाख ८३ हजार लीटर: दहा हजारी टँकर दर सेकंदाला अठ्ठावीस! तरीही एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी जायला एक लाख सेकंद लागतात, जवळजवळ २८ तास. खडकवासल्याचा उपयुक्त साठाच जेमतेम १.९७ टीएमसी, वरून पानशेत-वरसगावचे पाणी येत राहते म्हणून विसर्ग दिवसेंदिवस चालू शकतो. साठा टीएमसीत आणि विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात तो यामुळेच. 'धरणात इतके क्युसेक पाणी शिल्लक' हे वाक्य मात्र सरळ चूक.

मी लिहीन: 'खडकवासल्यातून १०,००० क्युसेकने विसर्ग सुरू.' विसर्ग शब्द इथे चपखल आहे. अक्षरापुढची दोन टिंबे काय किंवा धरणाचे पाणी काय, मूळ अर्थ सोडणे हाच.

कधी 'क्युमेक' दिसले तर ती छपाईची चूक समजू नका. ते घनमीटर प्रति सेकंद, म्हणजे सुमारे ३५.३ क्युसेक. आणि 'क्युसेक्स' नको. आपण दहा 'किलोमीटर्स' चालत नाही.