बर्नलीला पहिल्यांदा जाताय?

मँचेस्टरहून एका दिवसात इंग्लंडमधल्या लँकेशरची चार गिरणगावं उरकायचा बेत आधी सोडा. नवखे तिथेच फसतात (मीही फसलो). एकटं बर्नली धरा.

- क्वीन स्ट्रीट मिल (जुनी कापडगिरणी, आता संग्रहालय) रोज उघडी नसते. साचे (म्हणजे विणायचे माग) चालवून दाखवणार का, ते बघूनच तारीख ठरवा. १८९५ ची ही गिरणी वाफेवर चालायची. चार साचे सुरू झाले तरी शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही; विणकर बायका ओठ वाचून का बोलायच्या, ते दोन मिनिटांत कळतं. घरात परळ-लालबागच्या साचेखात्याच्या गोष्टी ऐकल्या असतील, तर धोट्याची खटखट ओळखीची वाटेल.
- मग लीड्स-लिव्हरपूल कालव्याच्या बांधावर चाला. छपरांच्या उंचीवरून बोटी जातात!
- छत्री नको, रेनकोट घ्या.

इंजिनांचे प्रकार वगैरे पुढच्या खेपेला.