बंद दारापासून सुरुवात करा

प्रश्न: नववीला न्यूयॉर्कच्या ट्रँगल शर्टवेस्ट या बायकांचे ब्लाउज शिवणाऱ्या कारखान्याची आग शिकवायची आहे. मुलं ऐकून हळहळतात, पण कामगार कायद्यांशी त्याची सांगड घालता येत नाही. काय करावं?

उत्तर: मृतांचा आकडा आधी सांगू नका. फळ्यावर नवव्या मजल्याचा आराखडा काढा: शिलाई मशिनांच्या लांबच लांब रांगा, दोन टोकांना जिने आणि लिफ्ट, बाहेरून लोखंडी जिना. २५ मार्च १९११, शनिवार, सुटायची वेळ. आठव्या मजल्यावर कापडाच्या चिंध्या पेटल्या. दहाव्या मजल्याला फोनवर कळलं, नवव्याला कुणी कळवलंच नाही. आता मुलांकडून एकेक वाट खोडून घ्या. एका जिन्याचं दार कुलूपबंद, कारण सुटताना सगळ्यांची झडती एकाच दाराशी व्हायची. दुसऱ्या जिन्यात थोड्याच वेळात ज्वाळा. लोखंडी जिना भाराने कोसळला. लिफ्टच्या काही खेपा झाल्या, मग त्याही थांबल्या. अग्निशमन दलाची शिडी सहाव्या मजल्यापर्यंतच पोचली. आता सांगा: १४६ बळी, त्यांत १२३ स्त्रिया आणि मुली.

मग प्रत्येक खोडलेल्या वाटेपुढे दोन रकाने भरून घ्या: हे कोणी ठरवलं? कोणत्या नियमाने टळलं असतं? मुलं हटकून लिहितात, ‘दाराला कुलूप नको, असा कायदा हवा.’ इथे थांबा. तो कायदा तेव्हाही होता! कामाच्या वेळेत दार बंद ठेवायला मनाई होती. पाळला जातो की नाही हे नीट बघितलं जात नव्हतं. या धड्याचा गाभा हाच, त्याला घाई करू नका. मालकांवर खटला झाला, डिसेंबर १९११ मध्ये ते निर्दोष सुटले, कारण दार बंद असल्याचं त्यांना त्या क्षणी ठाऊक होतं हे ज्यूरीला पटवावं लागणार होतं. ‘मालक दुष्ट होते’ एवढ्यावर वर्ग थांबला, तर तपासणी, दंड, संघटना हे प्रश्न निघतच नाहीत.

दुसरी गफलत म्हणजे आग लागली आणि कायदे आले, अशी समजूत. १९०९ मध्ये याच धंद्यातल्या हजारो मुलींनी संप केला होता. ट्रँगलने संघटनेला मान्यता दिली नाही. आगीनंतर निदर्शनं झाली, जून १९११ मध्ये राज्याने चौकशी आयोग नेमला, आयोगाने कारखाने फिरून पाहिले, साक्षी घेतल्या. त्यानंतर स्प्रिंकलर (आग लागताच छतातून पाणी फवारणारी यंत्रणा), आगीची कवायत, कामाचे तास यांचे कायदे झाले. हे टप्पे चिठ्ठ्यांवर लिहून उलटसुलट वाटा आणि क्रम लावायला सांगा.

प्रश्न: छायाचित्रं दाखवावीत का?

उत्तर: संपाची, मोर्चाची, जळालेल्या मजल्याची जरूर दाखवा. फुटपाथवरच्या मृतदेहांची नकोत. आगीचा प्रसंग वठवूनही घेऊ नका. काही मुलं हसतात, काही घाबरतात, आणि तास तिथेच संपतो. नाट्य हवंच असेल तर आयोगापुढची साक्ष घ्या.