निवृत्त सैनिकाचा फ्लॅट आणि न हलणारा भाडेकरू

प्रश्न: मी यंदा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. धानोरीत माझ्या नावावर फ्लॅट आहे. 2021 मध्ये तो एका गृहस्थांना 11 महिन्यांच्या नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करारावर दिला. मुदत संपली तेव्हा माझं पोस्टिंग लडाखला होतं. फोनवर ‘राहा’ म्हणालो, पैसे खात्यावर येत राहिले. आता ते म्हणतात, ‘मी भाडेकरू झालोय. कोर्टात जा, पंधरा वर्षं लागतील.’ मी, पत्नी, मुलगी आणि आई विश्रांतवाडीत दोन खोल्यांत भाड्याने राहतो. गावी, कोरेगाव तालुक्यात, वडिलोपार्जित घर आहे. त्याचा अडसर येईल का? आणि सरकार माजी सैनिकांना घर देतं म्हणतात, त्यात माझा नंबर लागेल का?

उत्तर: सुभेदार साहेब, नमस्कार.

पंधरा वर्षांचा धाक पुण्यात अनेक घरमालकांना घातला जातो. पेठांतल्या जुन्या वाड्यांच्या दाव्यांत तशी वर्षं गेलीही आहेत. तुमचा रस्ता मात्र वेगळा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 मध्ये काही ठरावीक प्रकरणांसाठी ‘सक्षम प्राधिकारी’, म्हणजे नेहमीच्या कोर्टाऐवजी निकाल देणारा अधिकारी, नेमलेला आहे आणि तुमचं प्रकरण दोन कारणांनी त्याच्यापुढे जाऊ शकतं.

पहिलं कारण कलम 24. लायसन्स म्हणजे भाडेकरूचे हक्क न देता घर ठरावीक मुदतीसाठी वापरायला देणं. लायसन्सची मुदत संपली की राहणाऱ्याने ताबा द्यायचा. दिला नाही तर घरमालकाने सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करायचा. लेखी करारात जे लिहिलं आहे त्याचा तो करार निर्णायक पुरावा मानला जातो, म्हणून 2021 चा नोंदवलेला कागद हीच तुमची मुख्य ताकद आहे. मुदतीनंतर जितके दिवस ते राहिले, तितक्या दिवसांची लायसन्स फीच्या दुप्पट दराने नुकसानभरपाईही मागता येते.

दुबळी बाजूही सांगतो. मुदतवाढ तुम्ही तोंडी दिलीत. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, ती जबाबदारी घरमालकाची, आणि कागद नसेल तर अटींबाबत राहणाऱ्याचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत. समोरचे गृहस्थ ‘मी भाडेकरू’ म्हणतात ते याच फटीत बोट घालून.

पण साहेब, क्षणभर धरून चालू की ते खरंच भाडेकरू झाले. तरीही दुसरं कारण, कलम 23, उरतं, आणि ते तुमच्यासारख्यांसाठीच लिहिलेलं आहे. सैन्यदलात असलेल्या किंवा निवृत्त झालेल्या घरमालकाला स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या राहण्यासाठी घराची खरी गरज असेल, तर त्याला भाडेकरूकडूनही याच सक्षम प्राधिकाऱ्यामार्फत ताबा मिळवता येतो. आयुष्यभर बदलीच्या गावी राहणाऱ्या माणसाला आपलं घर दुसऱ्याच्या हाती सोडूनच जावं लागतं, हे कायद्याने इथे ओळखलं आहे. त्यामुळे ‘मी भाडेकरू’ हा त्यांचा हुकमी पत्ता तुमच्यासमोर चालत नाही. दोन्ही कलमांखाली कशी मांडणी करायची, एक अर्ज की दोन, हे तुमच्या वकिलांना कागद पाहून ठरवू द्या. पण कलम 23 सोडू नका.

त्यासाठी लष्कराच्या प्राधिकृत अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र लागतं: तुम्ही सैन्यदलातून निवृत्त झालात आणि त्या परिसरात तुमचं दुसरं योग्य राहतं घर नाही, असं. इथेच गावच्या घराचं उत्तर आहे. कायदा पाहतो तो फ्लॅट ज्या भागात आहे त्या भागापुरता. कोरेगावचं घर आड येत नाही. शपथपत्रात मात्र त्याचा उल्लेख स्वतःहून करा. लपवलं आणि समोरच्याने ते बाहेर काढलं, तर तुमच्या बाकीच्या शब्दांवरचा विश्वासही जाईल. विश्रांतवाडीच्या खोल्यांचा भाडेकरार आणि आईचे औषधोपचाराचे कागद असतील तर ते जोडा. गरज खरी आहे हे कागदांवरून दिसलं पाहिजे.

समन्स मिळाल्यापासून 30 दिवसांत समोरच्याला शपथपत्र देऊन लढण्याची परवानगी मागावी लागते. ती मागितली नाही किंवा मिळाली नाही, तर तुमचं म्हणणं मान्य धरून आदेश होतो. ताब्याच्या आदेशावर अपील नाही, फक्त रिव्हिजन आहे, म्हणजे आदेश कायद्याला धरून आहे का एवढीच वरची तपासणी.

आता तातडीचं. त्यांना वकिलामार्फत नोटीस पाठवा आणि तीत स्पष्ट लिहा की मुदतीनंतर आलेली रक्कम आपण हक्क राखून, घर वापरल्याची भरपाई म्हणून घेतली आहे. ‘भाडे’ हा शब्द असलेली पावती, व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, काहीही यापुढे देऊ नका. आणि पलटणीतले चार मित्र मदतीला येतो म्हणाले, तर त्यांना हात जोडून थांबवा. सामान बाहेर काढणं, कुलूप बदलणं, पाणी किंवा वीज तोडणं, यांतलं काहीही नको. पाणी-वीज तोडणं हा याच कायद्याने गुन्हा आहे, आणि फिर्यादी असलेले तुम्ही आरोपी होऊन बसाल.

सरकारी घराबद्दल. प्रत्येक माजी सैनिकाला घर देणारी योजना नाही. म्हाडाच्या सोडतीत माजी सैनिक आणि त्यांच्या अवलंबितांसाठी 5 टक्के घरं राखीव असतात, पण त्याच शहरात स्वतःचं घर असलेल्याला ती मिळत नाहीत. प्रधानमंत्री आवास योजनेत तर देशात कुठेही पक्कं घर नसण्याची अट आहे. केंद्रीय सैनिक बोर्ड गृहकर्जाच्या व्याजाचा काही भार उचलतं, तो युद्धात किंवा सेवेमुळे जीव गमावलेल्या आणि अपंगत्व आलेल्या सैनिकांच्या कुटुंबांसाठी. तुम्ही यांत बसत नाही.

एक सवलत मात्र तुमची आहे. 2020 पासून माजी सैनिक आणि सैनिकांच्या विधवा पत्नींना एका निवासी मिळकतीच्या करात माफी मिळते, बाळासाहेब ठाकरे यांच्या नावाच्या सन्मान योजनेखाली. धानोरी पुणे महापालिकेच्या हद्दीत येतं. ताबा मिळून राहायला गेलात की जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याचं प्रमाणपत्र घेऊन मिळकतकर विभागात अर्ज करा. ती आपोआप लागत नाही, आणि कित्येक जण वर्षानुवर्षं पूर्ण बिल भरत राहतात, याचं मला फार वाईट वाटतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर संकोच नको. ‘नालसा’ने, म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने, 2025 मध्ये सैनिक, माजी सैनिक आणि त्यांच्या कुटुंबांसाठी वीर परिवार सहायता योजना सुरू केली आहे, शिवाजीनगर कोर्टातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात तिची चौकशी करा. जाताना 2021 चा करार आणि त्याचा इंडेक्स 2 (नोंदणीचा उतारा), फ्लॅटचं खरेदीखत, डिस्चार्ज बुक, पीपीओ (पेन्शनचा आदेश) आणि मुदत संपल्यापासूनचं बँक स्टेटमेंट बरोबर ठेवा. लष्कराच्या प्रमाणपत्रासाठीचा अर्ज मात्र या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात टाका. वेळ जातो तो तिथेच.