पशुपालकांचे प्रश्न: इंजेक्शनाआधी गव्हाण बघा

प्रश्न: संकरित जर्सी गाय वेऊन चार महिने झाले. दूध १० लिटर. सोयाबीनचं कुटार, थोडा कडबा अन् ३ किलो सरकी ढेप देतो. माजावर येत नाही. डॉक्टरांनी हात घालून तपासलं. गाभण नाही, अंडाशय गुळगुळीत आहे म्हणाले. माजाचं इंजेक्शन देऊन टाकावं का? (आर्वी, जि. वर्धा)

उत्तर: आत्ताच नको. माजासाठी सर्रास देतात ते प्रोस्टाग्लँडिन पीतपिंड (अंडं सुटल्यावर अंडाशयावर तयार होणारी गाठ) विरघळवतं. गुळगुळीत अंडाशयावर पीतपिंडच नाही, मग ते काम कशावर करणार? (न तपासता दिलं अन् गाय गाभण निघाली, तर गर्भ पडतो.)

खरी अडचण यकृतापासून सुरू होते. मेंदूकडून एफएसएच आणि एलएच ही अंडाशयाला चालना देणारी संप्रेरकं येतात, पण फॉलिकलच्या (अंडं वाढवणाऱ्या पुटीच्या) पेशींनी त्यांना पुरती दाद द्यायची तर आयजीएफ-१ हा वाढघटक लागतो. रक्तातला बराचसा आयजीएफ-१ यकृत बनवतं. वेल्यावर दूध चढतं, खाणं मागे राहतं, अंगची चरबी झडते. इन्सुलिन उतरतं, यकृत वाढ-संप्रेरकाला जुमानत नाही आणि आयजीएफ-१ खाली येतो. एलएचचे ठोकेही मंदावतात. फॉलिकल वाढू लागतात, पण पुरेसं इस्ट्रोजेन न करताच जिरून जातात. इस्ट्रोजेन नाही तर माज कुठून येणार!

आधी गायीच्या मागे उभं राहून बघा. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना खोल खड्डे आणि लांबून मोजता येतील अशा फासळ्या दिसल्या, तर गाय उपाशी आहे, गव्हाण भरलेली असली तरी.

खुराकाचा हिशोब असा: अंगासाठी दीड किलो आणि दर अडीच लिटर दुधामागे १ किलो. म्हणजे तुमच्या गायीला साडेपाच किलो हवा. तुम्ही देता ३, तेही नुसती ढेप. ढेपेत प्रथिनं आहेत, पण इन्सुलिन वर आणायला पिठूळ दाणा लागतो. ढेप अडीच किलो, मका किंवा ज्वारीचा भरडा २ किलो, तूर चुनी १ किलो. दोन वेळांत विभागून. सोबत ५० ग्रॅम खनिज मिश्रण, ३० ग्रॅम मीठ आणि १५ ते २० किलो हिरवा चारा. वाढ दर तीन दिवसांनी अर्धा किलोच करा. भरडा एकदम वाढवला की पोट आंबतं, गाय खाणंच सोडते अन् होतं तेही जातं. जंताचं औषध शेण तपासून द्या.

आठवड्यात माजाची वाट बघू नका. बारीक फॉलिकल पिकून फुटायला दोन-तीन महिने लागतात. अंग भरू लागल्यावरही माज नाही आला, तर डॉक्टरांकडून प्रोजेस्टेरॉन संप्रेरकाचं साधन सात दिवस योनीत बसवून घ्या. तेव्हा ते लागू पडण्याची आशा जास्त. पुढच्या वेताला मात्र आटवण्याच्या ६० दिवसांतच अंग राखा.

प्रश्न: गायीला जुळं झालं, एक गोऱ्हा, एक कालवड. कालवड ठेवावी का? (चिखली, जि. बुलढाणा)

उत्तर: अशा दहांतल्या नऊ कालवडी वांझ निघतात. गर्भात दोघांच्या वारेच्या रक्तवाहिन्या जुळतात आणि गोऱ्ह्याचं एएमएच हे नर-संप्रेरक कालवडीकडे जाऊन अंडाशय व गर्भाशयाची वाढ खुंटवतं. महिन्याच्या आत डॉक्टरांकडून योनीची खोली मोजून घ्या. चांगल्या कालवडीत गुळगुळीत स्वच्छ नळी १२ ते १५ सेंटिमीटर सहज जाते, वांझेत ५ ते ८ वरच अडते. जोर लावायचा नाही, आत इजा होते.

प्रश्न: जुळी देणारा जीन असलेला मेंढा घेतला, तरी कळपात जुळी नाहीत. (पातूर, जि. अकोला)

उत्तर: आत्ता ती दिसणार नाहीत. जुळी देणारा हा फेकबी जीन मेंढीच्या अंडाशयात काम करतो: बीएमपी वाढघटकाचा संदेश घेणारा ग्राहक तो बदलतो, त्यामुळे फॉलिकल लहान आकारातच पिकतात आणि एकाऐवजी दोन-तीन फुटतात. मेंढ्याने भरवलेल्या मेंढ्यांत फरक पडत नाही. त्याच्या लेकींत पडेल. फलटणच्या निंबकर संस्थेने हा जीन बंगालच्या गारोळ मेंढीतून दख्खनीत आणला. मेंढ्याची रक्ततपासणी करून एक प्रत आहे की दोन ते बघा. दोन असल्या तर प्रत्येक लेकीत एक उतरते, एक असली तर निम्म्यांतच. अन् जुळ्यांना पुरेल इतकं दूध हवं, म्हणून गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात मेंढीला दाणा चालू ठेवा.